इस्टेटीसाठी खून: हेतू दिसतो, पुरावा लागतो

हरयाणातल्या हिसार जिल्ह्यात ऑगस्ट २००१ मध्ये माजी आमदार रेलूराम पुनिया यांच्यासह एकाच घरातली आठ माणसं एका रात्रीत मारली गेली. मृतांमध्ये त्यांची तान्ही नातही होती. आरोपी होते त्यांचीच मुलगी आणि जावई, आणि मूळ होतं मुलीचं तिच्या सावत्र भावाशी इस्टेटीवरून चाललेलं भांडण. असं काही वाचलं की निकाल आपल्या मनात लगेच तयार होतो: ज्याचा फायदा, त्याचंच कृत्य. पण वारशाच्या वादातल्या खुनात हेतू सर्वांत आधी सापडतो, आणि म्हणूनच अपिलात त्याच्यावर सर्वांत कमी भार टाकला गेला पाहिजे.

याचं कारण कायद्यातच आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २५ नुसार खून करणाऱ्याला किंवा खुनाला साथ देणाऱ्याला मृताचा वारसा मिळत नाही. कलम २७ सांगतं की तो मृताच्या आधीच मरण पावला, असं धरून वाटणी करायची. ही तरतूद अत्यंत न्याय्य आहे. पण तिच्यामुळे दोषसिद्धीला जमिनीइतकीच किंमत येते. एक वारस तुरुंगात गेला की उरलेल्यांचे हिस्से वाढतात, आणि खटल्यात साक्ष द्यायला उभे राहतात ते बहुधा हेच उरलेले. म्हणजे ज्या भाऊबंदकीतून खून होऊ शकतो, तिच्यातूनच खोटा आरोपही होऊ शकतो. हेतू दोन्ही बाजूंना कापतो.

मग घरच्यांची साक्ष टाकूनच द्यायची का? तसं केलं तर घराच्या चार भिंतींत झालेला एकही खून सिद्ध होणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्येच दलीप सिंग खटल्यात म्हटलं होतं की जवळचा नातेवाईक सहसा खऱ्या गुन्हेगाराला सोडून निरपराध्याला गोवणार नाही. मात्र वैर असेल तिथे साक्ष अधिक काळजीने तपासावी. प्रत्यक्षदर्शी नसेल तेव्हा परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी अखंड हवी आणि तिच्यातून आरोपीच्या दोषाखेरीज दुसरा अर्थ निघता कामा नये. १९८४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका विवाहितेच्या मृत्यूच्या खटल्यात याच कसोटीवर सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाने कायम केलेली फाशी रद्द करून आरोपीला निर्दोष सोडलं.

पुनिया खटला या कसोटीला उतरला, तो केवळ इस्टेटीच्या भांडणामुळे नव्हे. मुलीने दंडाधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब ग्राह्य नाही हा बचाव पक्षाचा मुद्दा न्यायालयाने तपासून फेटाळला. मतभेद झाला तो शिक्षेवर: सत्र न्यायालयाने २००४ मध्ये दोघांना फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती जन्मठेपेत बदलली, सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये पुन्हा फाशी दिली.

इतकी न्यायालयं, इतकी वर्षं कशाला, असा संताप मृतांच्या आप्तांना आला तर तो समजण्यासारखा आहे. मात्र या खटल्यात निव्वळ अपिलांना तीन वर्षं लागली. त्याहून कितीतरी मोठा काळ दयेच्या अर्जावर गेला. त्या विलंबामुळेच सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये दोघांची फाशी जन्मठेपेत बदलली. दोषसिद्धीला मात्र धक्का लागला नाही, आणि कलम २५ शिक्षा किती झाली हे विचारत नाही.