गाडीतलं गाणं: बॅटरीपासून कानापर्यंत

गाडीत आवडतं गाणं लागलेलं असतं. व्हॉल्यूम वाढवला की गाणाऱ्याचा आवाज चिरकतो, आणि आपण स्पीकर बदलायला निघतो. पुष्कळदा स्पीकर बिचारे ठणठणीत असतात. बॅटरीतली वीज गाणं होऊन कानापर्यंत कशी येते, तो रस्ता एकदा नीट पाहिला तर कुठे बिनसलं ते बहुतेक वेळा आपलं आपल्यालाच कळतं.

बॅटरी १२ व्होल्टची. इंजिन चालू असताना अल्टरनेटरमुळे व्होल्टेज १४च्या आसपास जातं. डेकच्या आतल्या अॅम्प्लिफायरला एवढ्यातच भागवावं लागतं. खोक्यावर ‘५० वॅट × ४’ लिहिलेलं असलं तरी तो क्षणभराचा कमाल आकडा असतो. नेहमीच्या ४ ओहमच्या स्पीकरला सलग मिळतात ते सुमारे २० वॅट. घरच्या गाडीला तेवढे पुरतात.

अडचण येते ती शेवटच्या टप्प्यात. आवाज कानाला दुप्पट वाटायला वीज जवळपास दसपट लागते. ती संपली की अॅम्प्लिफायर ध्वनिलहरींचे शेंडे छाटू लागतो. चिरकतं ते इथे. या छाटलेल्या लहरींतून जादा तीव्र स्वर तयार होतात आणि ते सारे ट्वीटरकडे, म्हणजे तीव्र स्वरांच्या छोट्या स्पीकरकडे जातात. त्याची बारीक तारेची कॉइल तापते आणि एक दिवस जळते.

म्हणून आपल्या गाडीची मर्यादा शोधून ठेवा. बास आणि ट्रेबल शून्यावर आणा, ओळखीचं गाणं लावा आणि गाडी उभी असताना व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. आवाज फाटायला लागला की दोन घरं मागे या. त्यापुढे जायचं नाही. बासच्या बाबतीतही हात आखडता ठेवा: तो ६ डेसिबलने वाढवला की त्या स्वरांना चौपट वीज लागते. खर्ज कमी वाटला तर आधी ट्रेबल थोडा उतरवून पाहा.

ब्लूटूथवर गाणं ऐकताना फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त डेकवरून करा. फोनवर आवाज बारीक ठेवून डेक मोठा केला, तर गाण्याबरोबर खरखरही मोठी होते. एफएमची खरखर मात्र वेगळी. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की अडतात. खंडाळ्याच्या घाटात स्टेशन गेलं म्हणून डेक उघडायला नेऊ नका.

अॅक्सिलरेटर दाबताच स्पीकरमधून बारीक शिट्टी येत असेल आणि इंजिनच्या वेगाबरोबर ती चढत असेल, तर ती अल्टरनेटरची खूण. अर्थिंगची वायर सैल आहे का, गंजलेल्या किंवा रंगाचा थर असलेल्या पत्र्यावर कसली आहे का, ते ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. वेगळा अॅम्प्लिफायर बसवला असेल तर बॅटरीची जाड वायर गाडीच्या एका बाजूने आणि सिग्नलची दुसऱ्या बाजूने न्यावी. त्या जाड वायरला बॅटरीजवळच फ्यूज हवा. तो उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा बसवा. तार गुंडाळून काम भागवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

पावसाळ्याआधी दारांकडे लक्ष द्या. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आत उतरतं आणि तळाच्या छोट्या भोकांतून बाहेर पडतं. चिखलाने ती बुजली की पाणी साचतं, पत्रा गंजतो आणि दारातल्या स्पीकरला ओल धरते. काडीने ती मोकळी करा. दाराचं पॅड कधी काढलं, तर त्यामागचं प्लास्टिक पुन्हा नीट चिकटवलंय ना, ते स्वतः पाहा. फाटलेल्या प्लास्टिकमधून येणारं पाणी स्पीकरचा कागदी पडदा कुजवतं.

या रस्त्यावरचं शेवटचं ठिकाण म्हणजे आपले कान. स्पीकर बदलता येतो. कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा. आवाज जितका मोठा, तितके हे तास झपाट्याने घटतात. काचा बंद, गाणं चालू आणि तरीही मागच्या अँब्युलन्सचा भोंगा, वळणापलीकडच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येतोय, एवढाच व्हॉल्यूम ठेवा. त्या आवाजात गाणं स्वच्छ येत असेल, तर तुमची सिस्टिम उत्तम आहे.