दीड किलोची गाडी आणि दहाचं वर्गमूळ

रिमोटवर चालणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांबद्दल बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ही ताशी २२ किलोमीटरने पळते, म्हणजे खऱ्या गाडीच्या हिशोबात ताशी २२०!" गाडी दहापट लहान, म्हणून वेग दहापट धरायचा. ऐकायला छान वाटतं, पण भौतिकशास्त्राला हा हिशोब मान्य नाही. का, ते बघण्यासाठी एक किट जोडायला घेऊ आणि जोडून झाल्यावर तिची परीक्षाही घेऊ.

उदाहरणासाठी तामियाची टीटी-०२ घेतली आहे. शिझुओकाच्या या जपानी कंपनीने २०१३मध्ये आणलेली ही १:१० प्रमाणातली, चारही चाकांना ताकद देणारी गाडी आजही अनेकांची पहिली किट असते. खोक्यात सुट्टे भाग, पिशव्यांत स्क्रू आणि चित्रांची पुस्तिका असते. बॅटरी, रिमोट आणि स्टिअरिंग वळवणारी सर्व्हो मोटर सहसा वेगळी घ्यावी लागते.

जोडणी

पहिली गोष्ट स्क्रूड्रायव्हर. या स्क्रूंच्या फुलीची खाच जपानी मापाची असते. आपला नेहमीचा स्क्रूड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि खाच झिजवतो. स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःच आटे पाडत जातो. म्हणून उघडलेला स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवावा, 'टक्' असं जाणवलं की जुन्या आट्यात बसला असं समजावं आणि मगच आवळावा. नाहीतर दरवेळी नवे आटे पडतात आणि चार-पाच उघडझापीत भोक सैल होतं.

मग येतो डिफरन्शियल. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं हे आपण शाळेत शिकलो. पण किती जास्त? डाव्या-उजव्या चाकांमध्ये सुमारे १६ सेंटीमीटर अंतर आहे. एका पूर्ण वर्तुळात हा फरक २ गुणिले पाय गुणिले १६, म्हणजे साधारण १ मीटर येतो. गंमत अशी की वर्तुळ लहान असो वा मोठं, फरक तेवढाच राहतो. चाकाचा घेर सुमारे २० सेंटीमीटर, म्हणजे बाहेरचं चाक पाच फेरे जास्त मारतं. तीन छोट्या तिरप्या दात्यांच्या चाकांची ती डबी हे काम करते. तिच्यात घट्ट ग्रीस भरलं तर हा फरक पडायला विरोध होतो आणि वळणात हलक्या झालेल्या आतल्या चाकावर ताकद वाया जाणं कमी होतं. मात्र फार घट्ट केलं तर गाडी वळायलाच कुरकुरते.

आता गिअर. मोटरवरच्या पिनियनला २२ दाते, मोठ्या चक्राला ७० आणि पुढे आतल्या गिअरचं प्रमाण २.६. म्हणजे ७० भागिले २२, गुणिले २.६, बरोबर ८.२७. चाक एकदा फिरायला मोटर सव्वाआठ वेळा फिरते. खोक्यातली ५४० मापाची मोटर ७.२ व्होल्टवर मोकळी असताना मिनिटाला सुमारे १५ हजार फेरे घेते. भागाकार केला की चाकाचे सुमारे १८०० फेरे येतात, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर. रस्त्यावर, भार आल्यावर, त्याहून थोडं कमी.

मग २२० का नाही?

कारण गाडी लहान झाली तरी गुरुत्वाकर्षण लहान झालेलं नाही. जहाजांच्या प्रतिकृतींवर प्रयोग करताना विल्यम फ्रूड यांच्यापुढे हाच प्रश्न होता. १८७०च्या दशकात इंग्लंडमधल्या टॉर्की इथे त्यांनी त्यासाठी पाण्याचा लांब हौद बांधला. त्यांचा नियम असा, की वेगाची तुलना लांबीच्या वर्गमूळाने करायची. दहाचं वर्गमूळ ३.१६. म्हणून आपल्या गाडीचे २२ म्हणजे खऱ्या गाडीचे सुमारे ७०.

वळण घेऊन पडताळा बघा. टायरची पकड गाडीच्या वजनाइतकी धरली, तर ताशी २२ किलोमीटरला सर्वात लहान वळणाची त्रिज्या जवळपास ४ मीटर येते, आणि ताशी ७०ला जवळपास ४० मीटर. बरोबर दहापट!

याचा दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा आहे. छोट्या गाडीच्या जगात सगळं तीनपट घाईत घडतं. खऱ्या गाडीचं सस्पेन्शन सेकंदाला साधारण एक-दीड वेळा झुलतं, हिचं तीन ते पाच वेळा. आपली प्रतिक्रिया मात्र तेवढीच मंद राहते. म्हणून ही गाडी "अंगावर येते".

उलट फायदाही आहे. दहापट लहान केल्यावर वजन हजारपट कमी होतं (दीड टनाचे दीड किलो), पण भागांचा छेद, म्हणजे ताकद, शंभरपटच कमी होते. गॅलिलिओने १६३८च्या पुस्तकात मांडलेला हा विचार. म्हणूनच भिंतीवर आदळूनही ती बहुधा परत पळते.

परीक्षा

"बॉल बेअरिंग टाकल्यावर गाडी भन्नाट झाली" हे मत झालं, मोजमाप नव्हे. पैसे खर्च करण्याआधी दोन चाचण्या घरी करता येतात.

पहिली, घर्षणाची. मोटर काढून ठेवा. फळीचा उतार करून गाडी ठरावीक उंचीवरून सोडा आणि सपाट जमिनीवर ती कुठे थांबते ते बघा. उंची भागिले सुटल्यापासूनचं एकूण आडवं अंतर, हा आला रोधाचा गुणांक. समजा १० सेंटीमीटर उंचीवरून गाडी अडीच मीटर गेली, तर ०.०४. मूळ प्लास्टिकच्या बुशिंगांवर एकदा मोजा, बेअरिंग घालून पुन्हा मोजा.

दुसरी, पकडीची. खडूने २ मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. गाडी बाहेर घसरू लागेल त्याच्या किंचित खालच्या वेगाने फिरवा. त्रिज्येची चौपट भागिले एका फेरीच्या वेळेचा वर्ग, हा पकडीचा गुणांक. फेरी ३ सेकंदांची असेल तर ८ भागिले ९, म्हणजे ०.८९. घड्याळाचं बटण दाबण्यात ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले तर एका फेरीच्या मोजणीत उत्तर १४ टक्क्यांनी हलतं, दहा फेऱ्या एकत्र मोजल्या तर जेमतेम दीड टक्क्याने. म्हणून दहाच मोजा.

आणि प्रयोगशाळेतला एक नियम इथेही पाळा. एका वेळी एकच बदल करा, आणि तो मोजल्यावर जुनी स्थिती परत आणून पुन्हा मोजा. कारण तासाभराने टायर तापलेले असतात, बॅटरी उतरलेली असते आणि तुमचा हातही सरावलेला असतो. जुना आकडा परत आला नाही, तर सुधारणा बेअरिंगची नव्हे!

निकाल

ही किट दणकट आहे, भाग सहज मिळतात. पण साध्या आवृत्तीत चाकांचा कल बदलायची सोय नाही आणि स्प्रिंगमध्ये तेलाऐवजी घर्षणाने झोल आवरणारे दांडे आहेत. त्यामुळे खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी बेअरिंग, मग टायर, मग तेलाचे शॉक अॅब्झॉर्बर. जोरदार मोटर शेवटी. जी पकड नाही ती जास्त ताकदीने येत नाही. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात क्रीडाहॉलात कार्पेट अंथरून क्लबच्या शर्यती होतात. तिथेही टायरचीच चर्चा जास्त चालते.

सुट्टीत भाचरांसाठी गाडी भारतात नेणार असाल तर सुट्टी लिथियम बॅटरी चेक-इन बॅगेत टाकू नका, ती हातातल्या सामानातच न्यायची असते, टोकांवर चिकटपट्टी लावून. ७.४ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांची बॅटरी ३७ वॉट-तासांची होते. १०० वॉट-तासांची मर्यादा त्याहून बरीच वर आहे. आणि किट जोडून नेऊ नका. सुट्टीच न्या, खडूचा एक तुकडाही सोबत ठेवा. वर्तुळ आणि भागाकार भाचरांनाच करू द्या.