जॉर्जियाच्या मताचं वजन

१९६२ सालच्या ऑक्टोबरात जॉर्जिया राज्याच्या पश्चिम टोकाला, अलाबामाच्या वेशीवरच्या क्विटमन काउंटीत मतदान चाललं होतं. मतं पडत होती एका पुठ्ठ्याच्या खोक्यात. आडोसा नव्हता. गावचा पुढारी शेजारीच उभा होता आणि कुणाला मत द्यायचं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. संध्याकाळी खोकं उघडलं तेव्हा मतदारांपेक्षा मतपत्रिका जास्त निघाल्या. मतदान केलेल्यांच्या यादीत वारलेली माणसं होती, तुरुंगातली होती, आणि शेवटी शेवटी तर लोक आडनावांच्या आद्याक्षरांप्रमाणे क्रमाने येऊन मत देऊन गेले होते! या निकालाने राज्याच्या सिनेटची उमेदवारी हरलेला अडतीस वर्षांचा भुईमूग शेतकरी गप्प बसला नाही. तो कोर्टात गेला, पक्षाकडे गेला, निकाल फिरवून आणला. त्याचं नाव जिमी कार्टर.

जॉर्जियात अध्यक्षपदाला कुणाला किती मतं पडली याचे तक्ते हवे तेवढे मिळतात. पण या राज्याची निवडणूक समजून घ्यायची तर सुरुवात या खोक्यापासून करायला हवी, असं माझं ठाम मत आहे. कोण कोणाला पटला, लाट कुणाची होती, हे प्रश्न इथे नंतरचे. आधीचा प्रश्न असा, की कुणाचं मत मोजलं जातं आणि किती वजनाने.

वजन हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. जॉर्जियात १५९ काउंट्या आहेत. १९१७ च्या कायद्याने डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी प्रत्येक काउंटीला ठरावीक गुण दिले होते: सर्वांत मोठ्या आठ काउंट्यांना प्रत्येकी सहा, पुढच्या तीसांना चार, उरलेल्या १२१ ना दोन. एकूण ४१०. काउंटीत जो पहिला, त्याला तिचे सगळे गुण. त्या काळात डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळाली की निवडून आल्यातच जमा, त्यामुळे गव्हर्नर कोण होणार ते या गुणांवर ठरे. अटलांटा शहर ज्या फुल्टन काउंटीत येतं तिथे तेव्हा साडेपाच लाखांवर माणसं होती, गुण सहा. दक्षिणेतल्या एकोल्स काउंटीत दोन हजारसुद्धा माणसं नव्हती, गुण दोन. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली ‘ग्रे विरुद्ध सँडर्स’ खटल्यात हिशेब मांडला: एकोल्समधला एक माणूस फुल्टनमधल्या ९९ माणसांच्या बरोबरीचा. या खटल्यात अमेरिकी सरकारची बाजू मांडायला ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी स्वतः उभे राहिले होते. ज्या काउंटीत ट्राम धावते तिथली मतं मला लागतच नाहीत, अशी गव्हर्नर यूजीन टालमॅज यांची बढाई होती. ती पोकळ नव्हती, गणिताने खरी होती. शहरातले कामगार, कृष्णवर्णीय शिक्षक, दुकानदार कितीही मोठ्या संख्येने रांगेत उभे राहिले तरी त्यांचं मत तराजूत हलकंच पडे.

अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ही पद्धत नव्हती. तिथे यादवी युद्धाची आठवण पुरेशी होती. लिंकनच्या, म्हणजे रिपब्लिकन, पक्षाला जॉर्जियाने १९६४ पर्यंत एकदाही आपली इलेक्टोरल मतं दिली नाहीत. दक्षिणेतल्या इतर राज्यांनी कधी ना कधी दिली होती. जॉर्जियाने नाही. डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केनेडी यांना १९६० साली इथे साठ टक्क्यांवर मतं पडली. मग १९६४ चा नागरी हक्क कायदा आला, त्याविरुद्ध मत देणारे बॅरी गोल्डवॉटर रिपब्लिकन उमेदवार झाले, आणि शंभर वर्षांची निष्ठा एका निवडणुकीत गळून पडली. लिंडन जॉन्सन देशभर प्रचंड मतांनी जिंकले आणि जॉर्जियात हरले. अमेरिकस गावातलं जॉन्सन यांचं प्रचार कार्यालय त्या वर्षी कार्टर यांच्या आई, लिलियन कार्टर, चालवत होत्या. गोऱ्या बाईने त्या गावात ते काम करणं साधं नव्हतं. त्यांच्या गाडीची नासधूस झाली.

याच लिलियनबाई दोन वर्षांनी, अडुसष्टाव्या वर्षी, पीस कोअरच्या स्वयंसेवक म्हणून मुंबईत आल्या आणि विक्रोळीला गोदरेजच्या वसाहतीत परिचारिकेचं काम करत राहिल्या. माझं बालपण घाटकोपरला गेलं. आमच्याकडे ‘कार्टरच्या आई इथेच होत्या’ हे वाक्य मोठ्या माणसांच्या तोंडी सहज असे, त्यामुळे जॉर्जिया हे नाव मला अटलांटाच्या आधी विक्रोळीमुळे ठाऊक झालं. पुढे २००६ साली कार्टर स्वतः लोणावळ्याजवळ गरिबांसाठी घरं बांधायला आले होते, हातात हातोडा घेऊन.

१९६८ साली जॉर्जिया जॉर्ज वॉलेसच्या मागे गेली, वर्णभेद टिकवण्याच्या उघड आश्वासनामागे. १९७२ साली निक्सन यांनी १५९ पैकी १५९ काउंट्या जिंकल्या. आणि चारच वर्षांनी कार्टर यांनी १५९ पैकी १५९! मला वाटतं, राज्याच्या इतिहासात याहून विलक्षण जोडी नाही. माणसं तीच, गावं तीच. १९७६ मध्ये मात्र कार्टर यांच्या मागे एकाच वेळी दोन जमाती उभ्या राहिल्या, ज्या त्याआधी आणि त्यानंतर फारशा एकत्र आल्या नाहीत: घरचा माणूस म्हणून मत देणारे ग्रामीण गोरे शेतकरी, आणि १९६५ च्या मतदान हक्क कायद्यामुळे मोठ्या संख्येने यादीत आलेले कृष्णवर्णीय. १९८० साली देशाने कार्टर यांना झिडकारलं तेव्हाही जॉर्जियाने त्यांना सोडलं नाही.

पुढची तीस वर्षं भराभर सांगण्यासारखी आहेत. १९९२ मध्ये क्लिंटन १३,७१४ मतांनी जिंकले, पण तेव्हा रॉस पेरो यांनी तेरा टक्के मतं खाल्ली होती. त्यानंतर सलग सहा वेळा रिपब्लिकन. २००४ मध्ये धाकट्या बुश यांना सोळा टक्क्यांहून अधिक आघाडी होती, आणि राज्याचा निकाल लागून संपला असंच सगळ्यांनी धरलं. गावाकडचा गोरा मतदार डेमोक्रॅटिक पक्ष सोडून गेला तो परत आला नाही. आग्नेयेची ब्रँटली काउंटी कधी काळी कार्टर यांची होती. २०२० मध्ये तिथे ट्रम्प यांना नव्वद टक्क्यांच्या आसपास मतं पडली.

बदल दुसरीकडे शिजत होता. १९९० मध्ये ६५ लाखांच्या आत असलेली लोकसंख्या २०२० मध्ये एक कोटी सात लाखांवर गेली. ज्यांचे आजी-आजोबा शिकागो-डेट्रॉइटला पळाले होते, ती कृष्णवर्णीय नातवंडं अटलांटाभोवती घरं घेऊ लागली. कोरियन आले, मेक्सिकन आले, आपण आलो. माझा भाऊ २०११ साली न्यू जर्सीहून फोर्सिथ काउंटीत राहायला गेला. शाळा चांगल्या, घर परवडणारं, ऑफिस जवळ, एवढाच विचार. आता तिथे गणपतीला ढोल वाजतात आणि किराणा दुकानात भाजणी मिळते. या फोर्सिथमधून १९१२ साली अकराशेच्या आसपास कृष्णवर्णीयांना, म्हणजे काउंटीतल्या जवळजवळ सगळ्यांना, धाकदपटशाने हाकलून लावलं होतं. १९८७ साली तिथे नागरी हक्कांचा मोर्चा निघाला तेव्हा त्याच्यावर दगड पडले. पुढच्याच आठवड्यात वीस हजार माणसं चालून आली. दादाला घर घेताना यातलं काही कुणी सांगितलं नव्हतं. वाचनालयात एक पुस्तक हाती लागलं तेव्हा त्याने मला रात्री फोन केला होता. बराच वेळ तो काही बोललाच नाही.

फोर्सिथ आजही रिपब्लिकन आहे. पण २०१२ मध्ये रॉम्नी यांना तिथे ८० टक्के मतं होती, ती २०२० मध्ये ट्रम्प यांच्यासाठी ६६ टक्क्यांवर आली आणि डेमोक्रॅटिक मतं आकड्याने जवळजवळ तिप्पट झाली. हरलेल्या काउंटीतलं मतही राज्याच्या बेरजेत जातं, हे नकाशातला लाल-निळा रंग लपवतो. अटलांटाभोवतीच्या इतर काउंट्यांनी तर पारडंच फिरवलं. ग्विनेट: २०१२ मध्ये रॉम्नी नऊ टक्क्यांनी पुढे, २०२० मध्ये बायडन अठरा टक्क्यांनी. एकेकाळचा न्यूट गिंगरिच यांचा बालेकिल्ला कॉब: बारा टक्के उणे होते, ते चौदा टक्के अधिक झाले. दक्षिणेला हेन्री: तीन उणे, वीस अधिक. यातले काही जण मत बदललेले जुने रहिवासी होते हे खरं, पण आठ वर्षांत एवढी उलथापालथ एकट्या मनपरिवर्तनाने होत नाही. माणसंच नवी होती. आणि त्यांना यादीत आणायला दारोदार फिरणारी माणसं होती. नावनोंदणीची मोहीम चालवणाऱ्या स्टेसी एब्रम्स यांचं नाव पुढे आलं ते रास्तच, पण त्यांच्यासारख्या कितीतरी बायका चर्चच्या तळघरांत बसून वर्षानुवर्षं अर्ज भरून घेत होत्या.

या अर्जाचीही एक गंमत सांगण्यासारखी आहे. जॉर्जियात नाव नोंदवताना पक्ष लिहायचा नसतो, वर्ण मात्र विचारला जातो. त्यामुळे कुठल्या वर्णाचे किती लोक यादीत आहेत आणि किती मतदानाला आले हे राज्याला नेमकं कळतं. ज्या रकान्याचा वापर कधी काळी माणसं गाळायला झाला असता, तोच आज गळती दाखवतो.

२०२० च्या ऑक्टोबरात आगाऊ मतदान सुरू झालं त्या पहिल्याच दिवशी काही केंद्रांवर लोक आठ-दहा तास उभे होते, कोविडच्या काळात, घडीच्या खुर्च्या घेऊन. दादा-वहिनींचं अध्यक्षपदाचं ते पहिलंच मत. वहिनीने मत दिल्यावर छातीवर लावलेल्या पीचच्या स्टिकरचा फोटो पाठवला. तो मी अजून ठेवला आहे. त्यांनी कुणाला मत दिलं ते मी विचारलं नाही. घरात त्यावर दोन मतं होती, एवढं ठाऊक आहे.

मंगळवारी रात्री ट्रम्प पुढे होते. टपाली मतं मोजली जाऊ लागली तशी आघाडी वितळत गेली आणि शुक्रवारी पहाटे क्लेटन काउंटीच्या मोजणीने बायडन पुढे गेले. क्लेटनचा काही भाग जॉन लुईस यांच्या मतदारसंघातला. मतदानाच्या हक्कासाठी सेल्माच्या पुलावर डोकं फोडून घेतलेले लुईस त्याच वर्षी जुलैत गेले होते.

मग मोजणी पुन्हा. सगळ्याच्या सगळ्या पन्नास लाख मतपत्रिका हाताने. यासाठी मुळात कागद हवा होता, आणि तो त्याच वर्षी आला होता. त्याआधीच्या यंत्रांमधून मतदाराच्या हाती काहीच कागद येत नसे. एका टेबलाला दोन माणसं. एकाने कागद उचलायचा, नाव मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याच्या हाती द्यायचा. दुसऱ्याने पाहून तेच नाव म्हणायचं आणि कागद त्या नावाच्या गठ्ठ्यावर ठेवायचा. थोड्या अंतरावर दोन्ही पक्षांचे निरीक्षक. फ्लॉइड काउंटीत मोजायच्याच राहून गेलेल्या अडीच हजारांवर मतपत्रिका सापडल्या, त्या ट्रम्प यांच्या बाजूने झुकलेल्या होत्या, आणि त्या मोजल्या गेल्या. १२,६७० चं मताधिक्य जाहीर झालं. यंत्रावरच्या फेरमोजणीनंतर ते ११,७७९ वर स्थिरावलं. तिसऱ्या, लिबर्टेरियन उमेदवाराला त्याच्या पाचपट मतं होती.

निवडणूक खातं सांभाळणारे ब्रॅड रॅफेन्सपर्गर स्वतः रिपब्लिकन, ट्रम्प यांनाच मत दिलेले. २ जानेवारीला ट्रम्प यांनी त्यांना फोन करून ११,७८० मतं शोधायला सांगितलं. त्यांनी आकडा बदलला नाही. त्या दिवसांत मोजणीच्या टेबलावर काम करणाऱ्या आई-मुलीच्या जोडीवर खोटे आरोप झाले, घरापर्यंत धमक्या आल्या. पुढे कोर्टाने त्यांना भरपाई दिली, पण नाव पुकारलं की दचकणं भरपाईने जात नाही. पुढाऱ्यांना इतिहासात जागा मिळते. गठ्ठे लावणाऱ्यांनाही ती मिळायला हवी, म्हणून हे लिहिलं.

बायडन यांनी १५९ पैकी ३० काउंट्या जिंकल्या होत्या. जुन्या गुणपद्धतीने हिशेब करून पाहिला. समजा त्या तीसच्या तीस राज्यातल्या सर्वांत मोठ्या काउंट्या असत्या, तरी ४१० पैकी १३६ गुण झाले असते.

२०२१ मध्ये मतदानाचा नवा कायदा आला: टपाली मतासाठी ओळखक्रमांक, मतपेट्या कमी, रांगेतल्या माणसाला पाणी देण्यावरही बंदी. त्यावर खूप रण माजलं. मला त्यातली पाण्याची तरतूद निव्वळ क्रूर वाटते. पण मतदान घटलं नाही. २०२४ मध्ये कमला हॅरिस यांना २५,४८,०१७ मतं पडली, म्हणजे बायडन यांच्यापेक्षा चौऱ्याहत्तर हजारांनी जास्त, आणि त्या हरल्या. कारण ट्रम्प यांची मतं दोन लाखांनी वाढली होती. मताधिक्य १,१५,१००. अटलांटाच्या दक्षिणेची हेन्री काउंटी उलट आणखी डेमोक्रॅटिक झाली. घसरण झाली ती जुन्या कापूसपट्ट्यात. बाल्डविन काउंटीत, जिथे राज्याची जुनी राजधानी मिलेजव्हिल आहे, ट्रम्प जिंकले. या पट्ट्यातले तरुण अटलांटाला निघून जातात, मागे म्हातारी माणसं आणि बंद झालेल्या गिरण्या राहतात. दोन्ही पक्षांचं लक्ष उपनगरांवर होतं. या गावांकडे प्रचाराच्या गाड्या फिरकल्या त्या मुख्यतः मोठ्या रस्त्याने.

त्या ऑक्टोबरात सम्टर काउंटीतल्या प्लेन्स गावी जिमी कार्टर अंथरुणाला खिळून होते. वीस महिने घरीच शुश्रूषा चालली होती. १ तारखेला त्यांना शंभर वर्षं पूर्ण झाली. हॅरिस यांना मत देण्यापुरतं जगायचंय, असं ते घरच्यांना म्हणाले होते. १६ ऑक्टोबरला त्यांनी टपालाने मत दिलं. डिसेंबरच्या २९ तारखेला ते गेले तोवर निकाल लागून दोन महिने होत आले होते, आणि त्यांचं मत हरलेल्या बाजूच्या पंचवीस लाखांत एकदा, एकच म्हणून, मोजलं गेलं होतं.