तीन आकडी कोड, ३०२ अंकी संख्या

पोर्शे ९११चं इंजिन मागे असतं आणि सामान पुढे. पुढचं झाकण उचललं की त्याच्या आतल्या अंगाला एक छोटा स्टिकर दिसतो. त्यावर सतरा खुणांचा चासी नंबर, रंगाचा कोड आणि तीन-तीन आकड्यांच्या रांगा असतात. एल८०के म्हणजे गार्ड्स रेड, एल१२जी म्हणजे स्पीड यलो. तीन आकडी कोड बहुतेक पहिल्या गिऱ्हाइकाच्या निवडीचे.

यातले फक्त वीस कोड घ्या. प्रत्येकाला उत्तरं दोनच, हवं किंवा नको. वीस वेळा दोनाने गुणलं की १०,४८,५७६ वेगवेगळ्या गाड्या होतात. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी लोकांपुढे आली. तिच्या वंशातली दहा लाखावी, आयरिश ग्रीन रंगाची, त्सुफनहाउझनच्या कारखान्यात तयार झाली ११ मे २०१७ रोजी. म्हणजे तोवरची प्रत्येक ९११ दुसरीहून वेगळी ठेवायला वीस प्रश्न पुरले असते, वर ४८,५७६ जोड्या उरल्या असत्या. रंग तर अजून मोजलेलेच नाहीत.

वीसाचे चाळीस केले तर उत्तर १,०९,९५१ कोटींच्या पुढे जातं. वर्षाला एक लाख गाड्या बनवल्या तरी त्या संपायला एक कोटी नऊ लाखांहून जास्त वर्षं लागतील. आणि तीन आकड्यांत मावणारे सगळे हजार कोड धरले तर? आपली परार्धापर्यंतची मोजणी अठराव्या घरात थांबते. ही संख्या ३०२ घरांची आहे. काही कोड एकमेकांसोबत चालत नाहीत, म्हणून खरा आकडा बराच खाली येईल. तरीही तो कुठल्याही कारखान्याच्या आवाक्यातला नाही.

मला मात्र खरी गंमत वाटते ती छोट्या संख्यांत. १९७३च्या कॅरेरा आरएस २.७ गाड्या बनल्या १,५८०. त्यांतल्या १,३०८ गाड्यांवर एम४७२, म्हणजे टूरिंग. फक्त २०० गाड्यांवर एम४७१, म्हणजे स्पोर्ट: मागची सीट नाही, घड्याळ नाही, दार उघडायला साधा पट्टा. टूरिंगचं वजन १,०७५ किलो, स्पोर्टचं ९६०. शेवटच्या एका आकड्याच्या फरकात ११५ किलो गेले! आज संग्राहक तो एक आकडा शोधत फिरतात, यात मला काहीच नवल वाटत नाही.

त्याच वर्षीचा तिसरा कोड, एम४९१, होता शर्यतीच्या आरएसआरचा. अशा गाड्या ५५. पुढे ऐंशीच्या दशकातल्या कॅरेरावर हाच एम४९१ आला, पण तिथे त्याचा अर्थ टर्बोसारखी रुंद बॉडी. म्हणून त्या दशकातल्या गाडीचा कोड लावण्याआधी चासी नंबरातलं दहावं अक्षर बघायचं. तिथे जी असेल तर मॉडेल १९८६चं, एच असेल तर १९८७चं, आणि त्यापुढे आय गाळून थेट जे, म्हणजे १९८८.