महाविद्यालयीन कबड्डीतील बचाव : पकडीचे तंत्र आणि नियमभंगाचे परिणाम

प्रस्तावना

कुंडलिकेच्या काठी वसलेले रोहे, त्याला लागून असलेले वरसे आणि उत्तरेकडील पेण या परिसरात कबड्डी हा केवळ शालेय क्रीडाप्रकार नसून ग्रामजीवनाचा भाग आहे. भाताची कापणी आटोपली की मोकळ्या शेतांतून मैदाने आखली जातात आणि गावोगावचे संघ परस्परांस भिडतात. महाविद्यालयाच्या संघात दाखल होणारा खेळाडू बहुधा याच मातीत घडलेला असतो. ताकद, चपळाई आणि धैर्य त्याच्या अंगी असते. तथापि आंतरमहाविद्यालयीन सामन्यात उत्तम पकड होऊनही गुण प्रतिस्पर्ध्यास गेल्याचे प्रसंग घडतात. अशा वेळी शक्ती कमी पडलेली नसते, नियमाची मर्यादा ओलांडलेली असते. बचावाचे तंत्र आणि दंडाचे नियम हे दोन स्वतंत्र विषय नसून एकाच कौशल्याच्या दोन बाजू आहेत, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मैदान व बचावाची रचना

पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदानरेषा आणि तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा असते. दोन्ही बाजूंस १ मीटर रुंदीचे राखीव क्षेत्र असते. महिलांसाठी मैदान १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद असून निदानरेषा ३ मीटरवर असते.

बचाव करणाऱ्या सात गड्यांपैकी दोन कोपऱ्यात, दोन त्यांच्या शेजारी, दोन मध्यरक्षक आणि एक मधोमध अशी रचना सामान्यतः केली जाते. शेजारचे गडी हात धरून साखळी करतात. साखळीमुळे एकाने पकड केल्यास दुसरा तत्काळ साथ देतो; शिवाय एखादा गडी अवेळी पुढे झेपावत असेल तर त्याला मागे खेचून धरणेही शक्य होते. साखळीचे हे दुसरे कार्य प्रशिक्षणात पुष्कळदा दुर्लक्षित राहते.

पकडीची प्रमुख तंत्रे

(१) घोट्याची पकड : हे कोपरारक्षकाचे मुख्य शस्त्र होय. चढाईपटू पायाने स्पर्श करण्यासाठी किंवा बोनस रेषा ओलांडण्यासाठी पाय पुढे टाकतो, तेव्हा त्याचा तोल मागच्या पायावर असतो. त्या क्षणी घोटा धरून पाय उचलला तर त्याची परतीची शक्ती नाहीशी होते. क्षणभर आधी झेप घेतल्यास चढाईपटू सावध होतो. उशीर झाल्यास तोल पुन्हा सावरलेला असतो.

(२) मांडी व कमरेची पकड : चढाईपटू परत फिरताना त्याची पाठ बचावपटूकडे होते. तेव्हा मागून ही पकड केली जाते. तिच्यात साखळीतील जोडीदाराची साथ निर्णायक ठरते.

(३) अडवणूक व धडक : मध्यरक्षक चढाईपटू आणि मध्यरेषा यांच्यामध्ये शरीर आणून परतीचा मार्ग रोखतो, किंवा अंगाची धडक देऊन त्याला मैदानाच्या कडेकडे नेतो. येथे स्वतःचे पाय कोठे आहेत याचे भान हाताच्या बळाइतकेच महत्त्वाचे असते.

नियमभंग व त्याचे परिणाम

अमेरिकेत महाविद्यालयीन स्तरावर खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलशी येथे तुलना उद्बोधक ठरते. त्या खेळात फेकलेला चेंडू पोहोचण्यापूर्वी तो झेलू पाहणाऱ्या खेळाडूला बचावपटूने शरीराने अडथळा केल्यास कमाल १५ यार्डांचा दंड होतो. तेथे अवेळी केलेला स्पर्श हाच दोष आहे. कबड्डीत स्पर्श हा खेळाचा प्राण आहे. बंधन आहे ते स्पर्शाच्या रीतीवर आणि जागेवर.

रीतीविषयी नियम असा की, चढाईपटूस केवळ हात, पाय किंवा धड यांनीच धरता येते. केस वा कपडे ओढणे, दम तुटावा म्हणून तोंड दाबणे, गळा आवळणे, पायांची कैची घालणे अथवा इजा होईल अशी पकड करणे निषिद्ध आहे. असे घडल्यास चढाईपटू बाद ठरत नाही. गैरवर्तनासाठी पंच हिरवे, पिवळे व लाल कार्ड दाखवू शकतात. हिरवे कार्ड म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटांचे निलंबन आणि लाल म्हणजे सामन्यातून बडतर्फी.

जागेविषयीचा नियम अधिक सूक्ष्म आहे. झटापट सुरू होईपर्यंत राखीव क्षेत्र खेळाचा भाग नसते. स्पर्श झाल्यानंतरच ते मैदानात समाविष्ट होते. मैदानाबाहेर गेलेल्या बचावपटूने चढाईपटूस धरले तर चढाईपटू नाबाद व तो बचावपटू बाद ठरतो. अशा चुकीची किंमत दुहेरी असते : प्रतिपक्षास गुण मिळतो आणि त्यांचा बाद झालेला एक गडी पुन्हा मैदानात येतो.

हांगझोऊचा धडा

या नियमाचे महत्त्व ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेच्या पुरुष अंतिम सामन्यात जगासमोर आले. भारत आणि इराण यांचे गुण २८-२८ असे समान असताना, अखेरच्या क्षणांत पवन सेहरावत कोणासही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला आणि इराणचे बचावपटू त्याच्या पाठोपाठ तेथे गेले. केवळ चढाईपटू बाद की पाठलाग करणारेही बाद, यावर जुना व नवा नियम असा वाद उद्भवला आणि सामना बराच काळ थांबला. अखेर भारताने तो ३३-२९ असा जिंकला. इराणच्या बचावपटूंच्या पकडीत काही उणे नव्हते; प्रश्न त्यांच्या पायाखालच्या जमिनीचा होता.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१. बचावाच्या सरावात पकडीबरोबर पावलांची जागा आणि स्पर्शाचा क्षण यांचा स्वतंत्र सराव आवश्यक आहे.

२. सरावसामन्यातही पंचाची भूमिका असावी; ती आळीपाळीने खेळाडूंकडे दिल्यास नियम पाठ न होता अंगवळणी पडतात.

३. स्पर्धेस जाण्यापूर्वी त्या स्पर्धेची नियमावली संघासह वाचणे हे क्रीडाशिक्षकाचे कर्तव्य मानले जावे, कारण व्यावसायिक व हौशी कबड्डीतील नियम सर्वत्र सारखे नसतात.

४. गळा, कैची व घातक पकडीवरील बंदी ही प्रामुख्याने विद्यार्थ्याच्या शरीराची सुरक्षितता जपते. ती गुणांपेक्षा मोठी आहे.

गावच्या मातीने दिलेले बळ महाविद्यालयास आयतेच लाभते. त्या बळाला नियमांची शिस्त देणे हे काम मात्र महाविद्यालयाचेच आहे.