मध्यमवयातील तालीम आणि दुखापतीचा हिशेब

आपल्या रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागासमोरील बाकांवर पूर्वी प्रामुख्याने दोन प्रकारचे रुग्ण दिसत : अपघातात सापडलेले तरुण आणि संधिवाताने जेरीस आलेले वृद्ध. अलीकडे त्यांत तिसऱ्या वर्गाची भर पडली आहे. चाळीस ते साठ या वयोगटातील ही मंडळी पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा तालमीच्या हौद्यात उतरलेली असतात, किंवा नातवंडांना कराटे-ज्युदोच्या वर्गास पोहोचविता पोहोचविता स्वतःच पट्टा बांधून उभी राहिलेली असतात. कोल्हापूर परिसरात, जेथे राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कुस्ती घराघरांत पोहोचली, तेथे याचे नवल वाटू नये. या मंडळींना परावृत्त करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. योग्य प्रमाणातील व्यायाम या वयात रक्तदाब, मधुमेह आणि हाडांचा ठिसूळपणा या तिन्हींवर उपकारकच ठरतो. सांगावयाचे आहे ते इतकेच, की या वयात दुखापतीपेक्षा तिच्याकडे केलेले दुर्लक्ष अधिक महाग पडते.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यक मला डॉक्टरांच्या सहवासातून जेवढे कळले तेवढेच. तरीही हिशेबनीसाला घसारा ही गोष्ट चांगली समजते. तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान हळूहळू घटू लागते. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरांची लवचिकता कमी होते आणि त्यांना रक्तपुरवठा मुळातच बेताचा असल्याने त्या सावकाश भरून येतात. सराव पुन्हा सुरू केला की दम काही आठवड्यांत वाढतो, स्नायूही बळावतात. कंडरांना मात्र त्या भारास सरावण्यास कित्येक महिने लागतात. आपण पूर्वीसारखे झालो असे मनाला वाटते, तेव्हा कंडरा मागेच राहिलेल्या असतात. बहुतेक दुखापती नेमक्या याच काळात होतात.

यात माझाही अनुभव जमेस धरावा. बी.कॉम. झाल्यावर सुटलेली तालीम मी एक्कावन्नाव्या वर्षी पुन्हा धरली. दुसऱ्याच महिन्यात एका तरुण जोडीदाराबरोबर खेळताना उजव्या हातावर पडलो. खांद्याला तेल चोळले, घरात शिल्लक असलेल्या वेदनाशामक गोळ्या अकरा दिवस घेतल्या आणि जोर मारणे चालूच ठेवले. अस्थिरोग विभाग माझ्या टेबलापासून चाळीस पावलांवर आहे. ती चाळीस पावले चालण्यास मला सहा आठवडे लागले. तपासणीत खांद्याची कंडरा अंशतः फाटलेली आढळली. शिवाय रक्तदाबही वाढलेला होता, कारण अशा अनेक गोळ्या रक्तदाब वाढवितात आणि मूत्रपिंडांवरही ताण आणतात, हे मी कोणास विचारलेच नव्हते. शस्त्रक्रिया टळली, परंतु भौतिकोपचार विभागात साडेचार महिने जावे लागले.

म्हणून काही गोष्टी घरातील प्रत्येकाने ध्यानात ठेवाव्यात. टाचेमागे कोणी लाथ मारल्यासारखे वाटून मागे पाहावे तर कोणीच नसावे, हे टाचेची मोठी कंडरा तुटल्याचे लक्षण होय. असा मनुष्य लंगडत चालू शकतो, त्यामुळे ‘लचकले असेल’ म्हणून दिवस वाया जातात. त्याने त्याच दिवशी तपासून घ्यावे. गुडघा अडकून सरळच होईनासा झाला, किंवा पडल्यानंतर हात खांद्याच्या वर उचलता येईनासा झाला, तरी विलंब करू नये. रक्त पातळ ठेवण्याची औषधे घेणाऱ्याच्या डोक्यास मार लागल्यास, तो बरा दिसत असला तरीही, त्यास तत्काळ रुग्णालयात आणावे. सराव करताना छातीत दाब किंवा जबड्यात, डाव्या हातात कळ जाणवली तर तो स्नायूंचा प्रश्न समजू नये. मधुमेही व्यक्तीने अनवाणी सरावानंतर तळपाय रोज पाहावेत.

प्रथमोपचाराविषयी समजही बदलली आहे. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि अवयव उंच ठेवणे हे सूत्र अमेरिकन डॉक्टर गेब मिर्किन यांनी १९७८ साली रूढ केले. बर्फामुळे व पूर्ण विश्रांतीमुळे जखम भरण्यास उशीर होऊ शकतो, असे २०१४ साली त्यांनी स्वतःच लिहिले. आज पहिले एक-दोन दिवस अवयव जपणे, पट्टी बांधणे, वेदनेपुरता थोडा वेळ फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावणे आणि नंतर सोसवेल इतकी हालचाल लवकर सुरू करणे, असा सल्ला दिला जातो. ताज्या दुखापतीवर जोराने मालीश मात्र करू नये. त्याने आतील रक्तस्राव व सूज वाढते.

सरावाकडे परतणे पायरीपायरीने व्हावे : प्रथम वेदनारहित चालणे, मग एकट्याचा व्यायाम, नंतर समजूतदार जोडीदाराबरोबर डावांची उजळणी आणि शेवटी पूर्ण जोराची लढत. दुसऱ्या दिवशी सूज किंवा वेदना वाढली, तर एक पायरी खाली यावे. १८८२ साली तोक्यो येथे ज्युदोची शाळा काढणारे जिगोरो कानो यांच्या पद्धतीत पाडण्याआधी पडावयास शिकवितात. पन्नाशीत नव्याने आरंभ करणाऱ्याने हाच धडा सर्वाधिक गिरवावा. आंतरराष्ट्रीय कुस्तीत पस्तिशीपुढील मल्लांसाठी पाच-पाच वर्षांचे स्वतंत्र गट आहेत. तेव्हा विशीतील पैलवानाशी झुंजून काही सिद्ध करण्याची गरज नाही. आमचे वस्तादही आता माझी जोड वय पाहूनच लावतात.

देणगीदारांच्या औदार्याचा उल्लेख करताना नवी इमारत आणि यंत्रसामग्री यांकडेच सहसा लक्ष जाते. भौतिकोपचार विभागातील एक साधी रबरी पट्टी आणि रुग्णापाशी रोज अर्धा तास थांबणारी व्यक्ती यांचे मोल ताळेबंदात दिसत नाही. ते मी माझ्या उजव्या खांद्यावर अनुभवले आहे. आपल्या साहाय्यामुळेच हे उपचार गरजू रुग्णांच्या आवाक्यात राहतात, याबद्दल रुग्णालय आपले ऋणी आहे. आपल्या घरातील कोणी ‘दोन दिवसांत बरे होईल’ म्हणून दुखणे अंगावर काढीत असेल, तर त्यास आग्रहाने घेऊन यावे, ही नम्र विनंती.