एका दिवसाची मुंबई
गेल्या साली आईला घेऊन एका दिवसापुरता मुंबईस गेलो. मास्तरच पडलो, खिशात अकरा स्थळांची यादी! सकाळी सातला बोरीबंदरास उतरलो. ही इमारत स्टीव्हन्ससाहेबांनी बांधली, १८८८ साली पुरी झाली, असे मी सांगू लागलो, तोच आईने विचारले, "अरे, समुद्र कुठाय?"

यादी खिशातच राहिली. एका दिवसाला मुंबईचे दक्षिण टोक पुष्कळ झाले, आणि तेही पायी. फोर्टातल्या १८३३ सालच्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवर टेकून दशम्या सोडल्या. (बसायला पैसे पडत नाहीत!) मग 'गेटवे'. तिथून घारापुरीची लाँच सुमारे तासाभरात पोचवते. पण लेणी सोमवारी बंद, आणि तो वार नेमका सोमवार! वाचकहो, आपण वार पाहून निघा. मी चरफडत होतो. आई मात्र कठड्याशी खिळून उभी होती. बाहत्तर वर्षांत प्रथमच समुद्र पाहत होती ती.

सायंकाळी गिरगाव चौपाटीवर ती घोटाभर पाण्यात शिरली, ती दिवेलागणीपर्यंत बाहेर येईना. परतीच्या गाडीत लुगड्याचा ओला काठ खिडकीशी धरून वाळवीत बसली होती.